टेबलाची संरचना, तिच्यातील बदल आणि व्यवहाराची अखंडता

तंजावरचे शहाजीराजे (कारकीर्द १६८४ ते १७१२) यांच्या 'पंचभाषाविलास' या नाटकात संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषांचा वापर आहे. या नाटकाची नोंद एखाद्या साहित्यसूचीत करावयाची झाली आणि त्या सूचीत 'भाषा' या शीर्षकाचा एकच रकाना असला, तर सूचीकारापुढे अडचण उभी राहते. छापील सूचीत तो 'बहुभाषिक' असे लिहून किंवा पाचही नावे स्वल्पविरामांनी जोडून वेळ मारून नेतो. वाचणारा मनुष्य असल्यामुळे ते चालूनही जाते. डेटाबेसच्या स्वरूपात ठेवलेल्या सूचीत मात्र ही तडजोड महागात पडते. 'तेलुगू' या शब्दाशी तंतोतंत जुळणाऱ्या नोंदी मागितल्या, तर स्वल्पविरामांच्या गर्दीत बसलेली तेलुगू त्या शोधाला सापडत नाही, आणि तेलुगू कृतींची संख्या एकाने कमी भरते. अशा नोंदी शेकड्यांनी असल्या, तर दक्षिणेतील मराठी दरबाराच्या भाषाव्यवहारासंबंधी काढलेला निष्कर्षच डळमळीत होतो.

ही अडचण नोंदीतली नाही, रकान्यांच्या आखणीतली आहे. एका कृतीला एकच भाषा असते, हे गृहीत धरून टेबल आखले गेले आहे. ते गृहीतक बदलावयाचे तर टेबलाची संरचनाच बदलावी लागेल, आणि तीही सूची वापरात असताना. हा बदल सुरू झाल्यावर मध्येच खंडित झाला तर सूचीची अवस्था काय होते, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. प्रश्न संगणकशास्त्राचा आहे. परंतु त्याच्या उत्तरावर सूचीवरून काढलेल्या प्रत्येक आकड्याची विश्वासार्हता अवलंबून असल्याने, तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाने तो केवळ तंत्रज्ञांवर सोपवून मोकळे होणे योग्य नव्हे.

संरचनेत गोठलेले गृहीतक

छापील सूचीची संरचना तिच्या आवृत्तीबरोबर गोठते. थिओडोर आउफ्रेख्ट यांचा 'कॅटलॉगस कॅटलोगोरम' १८९१ ते १९०३ या काळात तीन भागांत प्रसिद्ध झाला. त्याची सुधारणा करावयाची तेव्हा मद्रास विद्यापीठाला 'न्यू कॅटलॉगस कॅटलोगोरम' हा स्वतंत्र प्रकल्प हाती घ्यावा लागला आणि त्याचा पहिला खंड १९४९ साली निघाला. जुनी सूची जुन्या आखणीसह कपाटात राहिली, नवी नव्या आखणीसह तिच्या शेजारी आली. या दोहोंच्या मधली, अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी सूची कोणा वाचकाच्या हाती पडण्याचा प्रश्नच नव्हता. डेटाबेसमध्ये हा प्रश्न निर्माण होतो, कारण तेथे जुनी सूचीच नवी होत असते.

वरील उदाहरणापुरता बदलाचा क्रम साधारणपणे असा असेल. प्रथम 'कृतीभाषा' नावाचे नवे टेबल तयार करावयाचे, ज्यात एका कृतीच्या जितक्या भाषा तितक्या नोंदी असतील. नंतर जुन्या 'भाषा' रकान्यातील मजकूर वाचून, स्वल्पविरामांपाशी तोडून, नव्या टेबलात भरावयाचा. शेवटी जुना रकाना काढून टाकावयाचा. यांतील पहिली व तिसरी पायरी संरचनेची आहे, मधली मजकुराची. आता समजा की मधल्या पायरीत, कोठेतरी, स्वल्पविरामाऐवजी दंड वापरलेली एक नोंद आली आणि 'मराठी। तेलुगू' नावाची भाषा भाषांच्या यादीत नसल्याने यंत्राने आज्ञा नाकारली. पहिली पायरी झालेली आहे, दुसरी अर्धवट किंवा मुळीच झालेली नाही. एवढ्यावर काम थांबले तर ते निस्तरता येते. परंतु आज्ञा एका पाठोपाठ एक अशा लिहून ठेवलेल्या असतात, आणि काही साधनांचा स्वभाव असा की एक आज्ञा फसली तरी पुढची चालवायची. ओरॅकलबरोबर येणाऱ्या एसक्यूएल प्लस या साधनात वेगळे सांगितले नाही तर असेच घडते. तिसरी पायरी चालली की जुना रकाना जातो, आणि नव्या टेबलात न पोचलेल्या नोंदींची भाषा कोणती होती हे सांगणारे काहीही सूचीत उरत नाही.

या अवस्थेचा घातकपणा असा की ती सूची बाहेरून धडधाकट दिसते. तिला विचारले की किती मराठी कृती आहेत, तर ती एक संख्या देते. ती संख्या 'एक कृती, एक भाषा' या जुन्या भूमिकेतून खरी नसते आणि 'एक कृती, अनेक भाषा' या नव्या भूमिकेतूनही खरी नसते. कोणत्याच सिद्धान्ताचा आधार नसलेला तो आकडा मग एखाद्या प्रबंधात जाऊन बसतो.

'व्यवहार' ही संकल्पना

मजकुराच्या बाबतीत हा धोका फार पूर्वी ओळखला गेला होता. एडगर कॉड यांनी १९७० साली संबंधात्मक प्रतिमान मांडले. त्यानंतरच्या दशकात अनेक आज्ञांचा एक गट करून तो गट पूर्णपणे तरी अमलात आणावा अथवा मुळीच आणू नये, ही कल्पना स्थिर झाली. या गटाला 'ट्रॅन्झॅक्शन' म्हणतात; मराठीत 'व्यवहार'. जिम ग्रे यांनी १९८१ साली या संकल्पनेची चिकित्सा करताना तिचे मूळ करारविषयक कायद्यात असल्याचे दाखविले आणि ख्रिस्ती विवाहविधीचे उदाहरण दिले: दोघांनीही होकार दिला तर विवाह झाला, एकानेही नकार दिला तर काहीच झाले नाही. मराठी पर्यायाला येथे अनपेक्षित बळ मिळते. धर्मशास्त्रात 'व्यवहार' म्हणजे न्यायालयीन वाद, आणि याज्ञवल्क्यस्मृतीचा एक संपूर्ण अध्याय त्याला वाहिलेला आहे. देवघेव आणि निवाडा हे दोन्ही अर्थ ज्या शब्दात आहेत, तो शब्द 'ट्रॅन्झॅक्शन'पेक्षा या संकल्पनेला अधिक शोभतो. १९८३ साली थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी व्यवहाराचे चार गुण एकत्र सांगितले: अविभाज्यता, सुसंगती, पृथकता आणि टिकाऊपणा.

व्यवहार पक्का करण्याच्या आज्ञेला 'कमिट' आणि तो मागे घेण्याच्या आज्ञेला 'रोलबॅक' म्हणतात. मजकुराच्या दुरुस्त्यांना या दोन आज्ञा सर्व प्रमुख संबंधात्मक प्रणालींत लागू होतात. वाद आहे तो संरचनेच्या बदलाविषयी. टेबल तयार करणे, त्यात रकाना वाढविणे, रकान्याचा प्रकार बदलणे किंवा रकाना काढणे, या गोष्टी व्यवहाराच्या आत येतात काय? एसक्यूएल भाषेच्या प्रमाणकाने या प्रश्नाचे उत्तर दिलेले नाही. संरचनेच्या आणि मजकुराच्या आज्ञा एकाच व्यवहारात मिसळू द्याव्यात की नाही, हे त्याने प्रत्येक प्रणालीवर सोडले. व्याकरणाने विकल्प ठेवावा आणि प्रत्येक बोलीने आपापली वाट धरावी, तसे मग झाले.

प्रणालींच्या भूमिका

कॉड यांनी १९८५ साली संबंधात्मक म्हणविणाऱ्या प्रणालींसाठी जे नियम सांगितले, त्यांतील चौथा नियम येथे महत्त्वाचा आहे. टेबलांचे वर्णन, म्हणजे कोणते टेबल आहे आणि त्यात कोणते रकाने आहेत ही माहिती, प्रणालीने स्वतःही टेबलांतच ठेवावी आणि सामान्य मजकुराप्रमाणेच ती विचारता यावी, असा त्याचा आशय. भाषेचे व्याकरण त्याच भाषेत लिहावे, अशी ही अपेक्षा आहे. ती पूर्ण केली तर एक शक्यता खुली होते: टेबलाची संरचना बदलणे म्हणजे अखेरीस वर्णनाच्या टेबलातील काही नोंदी बदलणे. आणि नोंदी बदलणे तर व्यवहाराच्या कक्षेत आहेच.

ही शक्यता पोस्टग्रेस या प्रणालीने बरीच दूरवर नेली. मायकेल स्टोनब्रेकर यांच्या नेतृत्वाखाली बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात १९८६ साली सुरू झालेल्या या प्रकल्पाचे एक तत्त्व असे होते की जुन्या नोंदीवर नवी नोंद गिरवावयाची नाही. नवी नोंद शेजारी लिहावयाची. १९९६ पासून पोस्टग्रेस-एसक्यूएल या नावाने चाललेल्या त्याच्या वारसानेही हे तत्त्व ठेवले आहे. प्रत्येक नोंदीबरोबर दोन अदृश्य खुणा असतात. कोणत्या व्यवहाराने ती लिहिली आणि कोणत्या व्यवहाराने ती रद्द केली किंवा तिच्यावर हक्क सांगितला, हे त्या खुणा सांगतात. कोणता व्यवहार पक्का झाला आणि कोणता मागे घेतला गेला एवढे पाहिले की कोणती नोंद खरी मानावयाची ते ठरते. रकान्यांचे वर्णनही असेच नोंदींत असल्यामुळे तोच न्याय संरचनेलाही मिळतो. एखाद्या बदलासाठी संपूर्ण टेबल नव्याने लिहावे लागले, तर नवी प्रत वेगळ्या फाइलीत तयार होते आणि जुनी फाइल व्यवहार पक्का होईपर्यंत हलविली जात नाही. व्यवहार मागे घेतला, तर नवी प्रत टाकून दिली जाते.

वरच्या उदाहरणातील तिन्ही पायऱ्या पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये एका व्यवहारात घातल्या, तर दंडाच्या चिन्हापाशी चूक होताच संपूर्ण व्यवहार बाद ठरतो. त्यानंतरच्या आज्ञा प्रणाली नाकारत राहते, आणि कोणी 'कमिट' म्हटले तरी ती प्रत्यक्षात 'रोलबॅक'च करते. नवे टेबल नाहीसे होते, जुना रकाना जागेवर असतो, सूची सकाळी होती तशी असते.

रकाना काढून टाकण्याची या प्रणालीतील रीत तर पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला विशेष रंजक वाटेल. काढलेला रकाना नोंदींतून खरवडून काढला जात नाही. वर्णनाच्या टेबलात त्याच्यावर 'काढलेला' अशी खूण होते, आणि त्याचे मूळ नाव पुसून तेथे एक कृत्रिम नाव येते, ज्याच्या आधी आठ आणि नंतर आठ टिंबे असतात. खंडित हस्तलिखिताच्या आवृत्तीत गळालेल्या मजकुराच्या जागी टिंबे द्यावीत, तसेच हे दिसते. मूळ मजकूर ती ती नोंद पुन्हा लिहिली जाईपर्यंत तबकडीवर असतो, मात्र नेहमीच्या कोणत्याही प्रश्नाने तो वाचता येत नाही. येथे साम्य संपते. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत नाकारलेले पाठ पृष्ठाच्या तळाशी वाचकासाठी ठेवलेले आहेत. डेटाबेसमधील नाकारलेला रकाना फक्त यंत्राच्या सोयीसाठी ठेवलेला असतो.

ओरॅकलची भूमिका याच्या उलट आहे. तेथे संरचनेची आज्ञा दिली की ती अमलात येण्यापूर्वी चालू व्यवहार आपोआप पक्का होतो, आणि आज्ञा पार पडल्यावर पुन्हा एकदा पक्केपणाची मोहोर उमटते. याचा एक परिणाम फारसा लक्षात घेतला जात नाही. समजा, एखाद्या संपादकाने दिवसभरात दोनशे नोंदींत दुरुस्त्या केल्या, त्या अजून तपासावयाच्या आहेत म्हणून पक्क्या केल्या नाहीत, आणि त्याच बैठकीत एक रकाना वाढविण्याची आज्ञा दिली. ती आज्ञा नाव चुकल्यामुळे फसली, तरी त्या दोनशे दुरुस्त्या त्याआधीच पक्क्या झालेल्या असतात. ओरॅकलही आपले वर्णन टेबलांतच ठेवते, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे. तेव्हा कॉड यांचा चौथा नियम पाळला की संरचनेचा बदल आपोआप व्यवहारात येतो, असे म्हणता येत नाही. नियमाने केवळ वाट मोकळी होते, त्या वाटेने जावयाचे की नाही हा प्रणालीच्या कर्त्यांचा निर्णय असतो.

ओरॅकलने पुढे २००९ साली, ११जी मालिकेच्या दुसऱ्या प्रकाशनात, या प्रश्नाला वेगळ्या बाजूने हात घातला, आणि त्यासाठी योजलेला शब्द ग्रंथव्यवहारातला आहे: 'एडिशन', म्हणजे आवृत्ती. टेबलावर उभारलेली दृश्ये आणि कार्यक्रम यांच्या दोन आवृत्त्या एकाच वेळी नांदू शकतात. जुने वापरकर्ते जुन्या आवृत्तीतून सूची पाहतात, नवे नव्या आवृत्तीतून. टेबल स्वतः मात्र आवृत्त्यांत विभागता येत नाही, त्याच्यावर आवृत्तीगणिक निराळे दृश्य चढवावे लागते. छापील आवृत्त्यांचे सहअस्तित्व डेटाबेसमध्ये आणण्याचा हा प्रयत्न लक्षणीय असला, तरी त्याची मांडणी लहान प्रकल्पाला पेलणारी नाही.

मायएसक्यूएलचा इतिहास आणखी वेगळा. २०१८ साली आलेल्या आठव्या आवृत्तीपूर्वी तेथे प्रत्येक टेबलाचे वर्णन एका स्वतंत्र फाइलीत असे आणि मजकूर सांभाळणाऱ्या यंत्रणेकडे त्याच टेबलाची स्वतःची वेगळी माहिती असे. बदल चालू असताना वीज गेली, तर या दोन साक्षींत विसंगती येण्याचा संभव होता. आठव्या आवृत्तीत वर्णन एकत्र करून व्यवहार जाणणाऱ्या टेबलांत आणले गेले. तेव्हापासून संरचनेची बहुतेक प्रत्येक आज्ञा स्वतःपुरती अविभाज्य झाली: ती पूर्ण होते किंवा होत नाही. पण ती चालू व्यवहार पक्का करते, हे तसेच राहिले. म्हणजे एकेक वाक्य अखंड, परिच्छेद मात्र अखंड नाही. 'अविभाज्य' आणि 'व्यवहारांतर्गत' हे दोन शब्द समानार्थी समजण्याची चूक येथे वारंवार होते. तीन पायऱ्यांच्या उदाहरणात प्रत्येक पायरी अविभाज्य असूनही सूची अर्धवट राहू शकतेच.

एसक्यूएल सर्व्हर आणि डीबी-टू या प्रणाली संरचनेचे बहुतेक बदल व्यवहारात घेऊ देतात. एसक्यूलाइटविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण ती संपूर्ण सूची एकाच फाइलीत सामावते आणि त्यामुळे एकट्या संशोधकाच्या कामाला सोयीची ठरते. तिच्यात टेबलाचे वर्णन म्हणून टेबल तयार करण्याचे मूळ वाक्यच अक्षरशः साठविलेले असते. संरचना हीच एक संहिता, आणि उघडून वाचता येईल अशी. तिच्यात रकान्याचे नाव बदलण्याची सोय २०१८ साली आणि रकाना काढण्याची सोय २०२१ साली आली. त्यापूर्वी, आणि अवघड बदलांसाठी आजही, नव्या आखणीचे टेबल तयार करणे, मजकूर त्यात उतरविणे, जुने टेबल काढणे आणि नव्याला जुन्याचे नाव देणे, हाच मार्ग आहे. ही सर्व कामे एकाच व्यवहारात बसतात, म्हणूनच तो सुरक्षित आहे. जीर्ण पोथीची नवी प्रत करून तिला जुन्या बासनात बांधावी, असा हा प्रकार.

अखंडतेची किंमत

ही अखंडता फुकट मिळत नाही. पोस्टग्रेस-एसक्यूएलमध्ये रकाना काढण्याची आज्ञा त्या टेबलावर सर्वांत कडक कुलूप घालते. व्यवहार पक्का होईपर्यंत इतरांना ते टेबल वाचताही येत नाही. आणखी एक गुंता असा की कोणी तरी दीर्घ वाचन करीत असल्यामुळे ही आज्ञा रांगेत उभी राहिली, तर तिच्यामागून आलेले साधे वाचकही तिच्यामागे अडकतात. ग्रंथालयाचे कपाट आवरण्यासाठी आलेला कर्मचारी दाराशी थांबला आणि त्याच्यामुळे दारच अडले, तशी ही स्थिती. म्हणून जाणकार मंडळी कडक कुलूप लागणारी पायरी व्यवहाराच्या अगदी शेवटी ठेवतात. नवे टेबल भरण्याचे लांबलचक काम आधी उरकावयाचे, त्या काळात नोंदी बदलणाऱ्यांना सौम्य कुलपाने थांबवावयाचे, वाचणाऱ्यांना मात्र वाचू द्यावयाचे, आणि जुना रकाना शेवटच्या क्षणी काढावयाचा. कुलपासाठी किती वेळ थांबावे याची मर्यादाही आधी घालता येते, म्हणजे आज्ञा रांग अडवून बसण्याऐवजी स्वतःच माघार घेते.

काही कामे तेथेही व्यवहाराबाहेरच राहिली आहेत. वाचन-लेखन न थांबविता शोधसूची उभारण्याची आज्ञा व्यवहारात चालत नाही, कारण ती स्वतःच एकाहून अधिक व्यवहारांत पार पडते. मर्यादित मूल्यांच्या यादीचे उदाहरण सूचीकाराच्या अधिक जवळचे आहे. 'लिपी' या रकान्यासाठी देवनागरी, ग्रंथ, तेलुगू अशी बंद यादी केली आणि पुढे 'मोडी' राहून गेल्याचे ध्यानात आले, तर २०१९ पूर्वी ती व्यवहारात वाढविता येत नसे. बाराव्या आवृत्तीपासून वाढविता येते. परंतु तो व्यवहार पक्का होईपर्यंत 'मोडी' हे मूल्य कोणत्याही नोंदीला देता येत नाही. त्यापेक्षा लिप्यांचे स्वतंत्र टेबल करणे चांगले, कारण त्यात एक नोंद वाढविणे हा साधा मजकुराचा बदल ठरतो.

व्यवहारांतर्गत संरचनाबदलाचा साहित्यसंशोधकाला होणारा सर्वांत मोठा लाभ अपघातापासून संरक्षण हा नाही, असे म्हणावयास जागा आहे. तो लाभ तपासणीचा आहे. नवे टेबल भरले, पण व्यवहार अजून पक्का केलेला नाही, अशा अवस्थेत बदल करणारा स्वतः नव्या संरचनेला हवे ते प्रश्न विचारू शकतो, आणि बाहेरच्या कोणालाही ती दिसत नसते. जुन्या रकान्यातील मजकुरात 'तेलुगू' हा शब्द जितक्या कृतींत येतो, तितक्याच कृती नव्या टेबलात तेलुगूखाली आल्या काय? एकही भाषा न मिळालेली कृती राहिली काय? 'पंचभाषाविलास'च्या पाच नोंदी झाल्या काय? हे मुद्रितशोधन आहे. मजकूर जुळविलेला आहे, यंत्रावर चढलेला नाही. आकडे जुळले नाहीत तर व्यवहार मागे घ्यावा, दुरुस्ती करावी, पुन्हा सुरुवात करावी; वाचकाला या खटाटोपाची गंधवार्ताही लागत नाही. जेथे संरचनेची आज्ञा स्वतःहून पक्की होते, तेथे ही तपासणी वेगळ्या प्रतीवर करावी लागते, आणि ती प्रत व मूळ सूची यांच्यात तोवर अंतर पडलेले असते.

व्यवहाराच्या कक्षेबाहेरचे

अर्थाविषयी मात्र यंत्र काहीच हमी देत नाही. ज्ञानेश्वरीचा काळ परंपरेने शके १२१२ मानला जातो. 'काल' हा रकाना मजकुराचा होता, तो इसवी सनाच्या अंकांचा करावयाचा, असे ठरले आणि प्रत्येक शकात ७८ मिळविण्याची आज्ञा दिली, तर या नोंदीत १२९० येईल. शकाचे वर्ष चैत्रात सुरू होते, त्यामुळे पौषानंतरच्या बहुतेक तिथींना ७९ मिळवावे लागतात. शके १२१२ हे वर्ष इ. स. १२९० आणि १२९१ अशा दोन वर्षांवर पसरलेले आहे. शिवाय एखाद्या नोंदीत 'शके १२१२, परंपरेनुसार' असे असले, तर 'परंपरेनुसार' या शब्दाला अंकांच्या रकान्यात जागाच नाही. प्रणाली एक तर तो बदल नाकारील, किंवा आज्ञा लिहिणाऱ्याने तो शब्द छाटण्याची व्यवस्था केली असल्यास बिनतक्रार स्वीकारील, आणि संपूर्ण सूची अत्यंत अखंडपणे, एकाही नोंदीचा अपवाद न करता, संशयाला निश्चितीचे रूप देईल. अशा बदलात जुना रकाना त्याच व्यवहारात काढून टाकणे अविचाराचे आहे. त्याला 'मूळ नोंद' असे नाव देऊन शेजारी राहू द्यावे, आणि नव्या रकान्यात आरंभवर्ष व अंतवर्ष असे दोन अंक ठेवावेत.

याहून सूक्ष्म फसवणूक नव्या रकान्याच्या पूर्वनियोजित मूल्यात असते. जुन्या सूचीत 'लिपी' हा रकाना वाढवावयाचा आहे. बहुसंख्य मराठी कृती देवनागरीत असल्याने, वेगळे सांगितले नसेल तेथे 'देवनागरी' समजावे, अशी सोय आज्ञेतच करता येते. पोस्टग्रेस-एसक्यूएलच्या २०१८ सालच्या अकराव्या आवृत्तीपूर्वी असे केले की यंत्राला प्रत्येक नोंद नव्याने लिहावी लागे, आणि मोठ्या टेबलात त्याला वेळ लागे. आता ते मूल्य एकदाच वर्णनाच्या टेबलात नोंदविले जाते आणि जुन्या नोंदी वाचताना जणू ते त्यांच्यात होतेच असे दाखविले जाते. आज्ञा क्षणात पार पडते. थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली रोमन लिपीत छापले गेले. या सूचीत ते देवनागरी ग्रंथ म्हणून अवतरेल. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील मोडी कागदांचेही तेच होईल. कोणाही संशोधकाने ते विधान केलेले नाही, कोणत्याही नोंदीत ते लिहिलेले नाही, तरी विचारणाऱ्याला ते प्रत्येक नोंदीतून ऐकू येते.

यावरचा उपाय साधा आहे, फक्त संथ आहे. रकाना पूर्वनियोजित मूल्याविना वाढवावा, म्हणजे जुन्या नोंदींत तो रिक्त राहतो आणि रिक्त म्हणजे 'अद्याप पाहिलेले नाही' असा अर्थ सूचीच्या प्रस्तावनेत नमूद करावा. त्याच व्यवहारात, ज्या प्रती प्रत्यक्ष पाहिल्या गेल्या आहेत त्यांची यादी घेऊन तेवढ्याच नोंदी भराव्यात, आणि भरलेल्या नोंदींची संख्या यादीच्या संख्येशी ताडून पाहावी. जुळली तर व्यवहार पक्का करावा. उरलेला रकाना भरावयाला हस्तलिखितांपर्यंत जावे लागेल, आणि ते काम कोणत्याही व्यवहाराच्या आत येत नाही.